राजौरीची वाट

पुण्याहून आळंदीस जाणारी सडक दिघीवरून जाते. आषाढीच्या वारींत ज्ञानेश्वरमाउलींची पालखी याच वाटेनें पुण्यास येते. एरवीं सडकेच्या आजूबाजूस लष्कराच्या वसाहती व कुंपणें दृष्टीस पडतात. दिघीच्या संरक्षण संशोधनसंस्थेंत सैन्याच्या पुलांचें काम चालतें, आणि जवळच खडकीस बॉम्बे सॅपर्सचें केंद्र आहे. जुन्या लोकांच्या तोंडीं या पलटणीचें नांव ‘सफरमैना’. वाट करणें, पूल बांधणें, शत्रूनें पेरलेले सुरुंग उचलणें हा तिचा व्यवसाय. या पलटणीच्या एका अधिकाऱ्याचें नांव उत्तरेकडील एका डोंगरी शहराशीं कायमचें जोडलें गेलें आहे. तें शहर राजौरी.

राजौरी आज फारशी दूर वाटत नाहीं. पूर्वीं ती जगाच्या टोंकाशीं होती. कल्हणानें राजतरंगिणींत तिला राजपुरी म्हटलें आहे, आणि तेथील राजांचीं काश्मीरच्या राजांशीं झालेलीं भांडणें वर्णिलीं आहेत. अकराव्या शतकांत अल्बेरूनीनें लिहून ठेविलें, कीं आपले व्यापारी राजावरीपर्यंतच जातात, तिच्यापलीकडे त्यांचें पाऊल पडत नाहीं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ९१५ मीटर उंचीवर, नदीच्या कांठीं वसलेलें. चोहोंकडे डोंगर, आणि उत्तरेस पीर पंजाळची बर्फाची भिंत. पुढें मोंगल बादशहांची काश्मीरची वाट येथूनच गेली. भिंबर, नौशेरा, चिंगस, राजौरी असे तिचे टप्पे होते. इ. स. १६६५ च्या सुमारास औरंगजेबाच्या छावणीबरोबर गेलेला फ्रेंच वैद्य बर्निये याच मार्गानें गेला. पीर पंजाळच्या चढावर हत्ती दरींत कोसळल्याची हकीकत त्यानें दिली आहे. जहांगीर बादशहा १६२७ सालीं काश्मीरहून परततांना वाटेंतच वारला. त्याचीं आंतडीं चिंगसच्या सराईंत पुरलीं, अशी तिकडील लोकांची समजूत आहे. बादशाही वैभवाची ही खूण जरा विचित्रच खरी!

बादशहा गेले, डोंगर राहिले. १९४७ च्या नोव्हेंबरांत हल्लेखोरांनीं राजौरी घेतली, आणि दिवाळीच्या सुमारास तेथें हजारों माणसें मारलीं गेलीं. फाळणीच्या त्या वर्षांत जम्मू प्रांतांत हिंदू, शीख व मुसलमान अशा सर्वांच्याच वांट्यास भयंकर दुःख आलें. पण राजौरीची दशा विशेष करुण, कारण पुढचे पांच महिने तिच्याकडे जाणारी वाटच बंद होती. भारतीय सैन्य नौशेऱ्यास होतें. मधल्या सडकेवर सुरुंग पेरलेले, मोऱ्या उडविलेल्या, आणि देवदाराच्या जातीचीं थोर झाडें आडवीं पाडलेलीं. रणगाडे असून उपयोग काय? डोंगराच्या कडेनें जाणाऱ्या अरुंद सडकेवर एक मोरी फुटली कीं सारी फौज खोळंबते.

ही वाट मोकळी करण्याचें काम सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्याकडे आलें. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, जन्म १९१८ चा. १९४० सालीं साधे शिपाई म्हणून ते या पलटणींत शिरले, ब्रह्मदेशाच्या लढाईंत होते, आणि अधिकारी होऊन त्यांस अवघे चार महिने झाले होते. ८ एप्रिल १९४८ रोजीं सकाळीं अकरांच्या सुमारास त्यांची तुकडी कामास लागणार तोंच उखळी तोफांचा मारा आला. दोघे ठार झाले, पांच जखमी. त्या जखमींत स्वतः राणेही होते. त्यांनीं तुकडी पुन्हां उभी केली. दुपारीं बरवालीची डोंगरधार सैन्याच्या हातीं आली, आणि राणे रात्रीं दहापर्यंत शत्रूच्या समोर रणगाड्यांसाठीं वळणवाट करीत राहिले.

त्यांच्या पुढील तीन दिवसांचा अधिकृत वृत्तान्त म्हणजे बहुतेक घड्याळाचे आंकडेच आहेत, आणि एखाद्या मोठ्या वर्णनापेक्षां तेच अधिक बोलके आहेत. ९ तारखेस सकाळीं सहापासून दुपारीं तीनपर्यंत वळणवाट. मग झाडांचा अडथळा, तीनशें यार्डांवर दुसरा, पुढें फुटलेली मोरी. सव्वासहाला, अंधार पडूं लागतां, पांच झाडें, भोंवतीं सुरुंग आणि वर मशीनगनचा मारा. तेथें फौज थांबविण्यांत आली. १० तारखेस पहाटे पावणेपांचला राणे पुन्हां त्याच झाडांशीं होते. साडेसहाला तीं दूर झालीं. पुढचे हजार यार्ड साडेदहापर्यंत चालले. रणगाडे तावीच्या पात्रांत उतरून दुपारीं दोन वाजतां चिंगसला पोहोंचले. राणे मात्र मागेंच राहिले, कारण रणगाडा नदींतून जाईल, पण धान्य, दारूगोळा आणि औषधें नेणाऱ्या मोटारींस सडकच हवी. त्या दिवशीं अन्न व विश्रांतीवांचून रात्रीं नऊपर्यंत काम चाललें. ११ तारखेस सकाळीं अकरा वाजतां चिंगसपर्यंतची सडक खुली झाली.

या कामगिरीबद्दल राणे यांस परमवीरचक्र मिळालें. तें जिवंतपणीं मिळविणारे ते पहिले वीर होत. मेजर होऊन १९६८ सालीं ते निवृत्त झाले, आणि १९९४ सालीं पुण्यासच त्यांचें निधन झालें.

१२ एप्रिलला सैन्य राजौरींत शिरलें. सैनिकांचें पहिलें दर्शन झालें तें पडक्या घरांचें, आणि प्रेतांनीं भरलेल्या खड्ड्यांचें. मागाहून आसपासच्या रानांत लपलेलीं माणसें हळूहळू शहराकडे परतूं लागलीं. दरवर्षीं १३ एप्रिलला, वैशाखीच्या दिवशीं, राजौरीचे लोक मृतांचें स्मरण करतात.