पाच शिलिंग आणि एक पत्र

दुकानातून वस्तू उचलणं हा गुन्हा दुकानाइतकाच जुना असावा. पण त्या चोरीला स्वतंत्र नाव देऊन, वेगळा कायदा करून, थेट फाशीपर्यंत नेण्याचं काम इंग्लंडने १६९९ साली केलं. पाच शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीची वस्तू दुकानातून गुपचूप उचलली, तर शिक्षा देहांताची. पाच शिलिंग म्हणजे पाव पौंड.

त्याच कायद्यात आणखी एक गंमत होती. चोर पकडून त्याचा गुन्हा सिद्ध करणाऱ्याला एक दाखला मिळे. त्यामुळे गावकीची बिनपगारी कामं त्याच्या गळ्यात पडत नसत. लंडनमध्ये फाशी टायबर्नला देत, म्हणून लोक त्याला 'टायबर्न तिकीट' म्हणत. हा दाखला एकदा दुसऱ्याला विकताही येई आणि त्याला चांगले पैसे मिळत. म्हणजे एखाद्यावर आरोप करण्यातून पैसा होऊ शकतो, हे तीनशे वर्षांपूर्वीच लोकांना उमगलं होतं. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७७१ साली लंडनमध्ये मेरी जोन्स नावाच्या तरुण बाईला फाशी झाली. सर विल्यम मेरेडिथ यांनी १७७७ साली पार्लमेंटमध्ये तिची हकीकत सांगितली. नवऱ्याला सक्तीने आरमारात ओढून नेलेलं, अंगावर कर्ज, पदरी दोन लहान मुलं. लडगेट हिलवरच्या कापडाच्या दुकानात तिने थोडं कापड झग्याखाली लपवलं. दुकानदाराने पाहिलं तेव्हा तिने ते परत खाली ठेवलं. तरीही तिला फाशी झाली, आणि टायबर्नला नेताना मूल तिच्या अंगावर पीत होतं.

अशा शिक्षा पाहून सामान्य माणसं काय करत? खोटं बोलत. ज्यूरीत बसलेले शेजारीपाजारी चोरीच्या मालाची किंमत चार शिलिंग दहा पेन्स ठरवत. पाचाच्या आत आली की फाशी टळली! कायदेपंडित ब्लॅकस्टन यांनी या खोटेपणाला 'पुण्याची खोटी साक्ष' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. कायदा गुन्ह्यापेक्षा फार मोठा झाला की भली माणसंही त्याला वळसा घालतात. सॅम्युअल रोमिली यांनी १८१० साली ही फाशी रद्द करण्याचं विधेयक आणलं. कॉमन्सने ते मंजूर केलं, लॉर्डांनी फेटाळलं. रोमिली १८१८ साली गेले आणि बदल झाला तो त्यानंतर, १८२० च्या दशकात.

आता एक श्रीमंत घरातली गोष्ट. कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या मामी, जेन ली पेरट. ऑगस्ट १७९९ मध्ये बाथ शहरातल्या एका दुकानातून त्यांनी काळी लेस विकत घेतली. थोड्या वेळाने नवऱ्यासोबत त्याच रस्त्याने जाताना दुकानाच्या मालकीणबाईंनी त्यांना अडवलं. पुडकं उघडलं तर काळ्या लेसबरोबर वीस शिलिंगांची पांढरी लेसही निघाली. मामी म्हणाल्या, दुकानातल्या माणसाने चुकून बांधली असेल. पण तक्रार झाली आणि त्यांना इल्चेस्टरच्या तुरुंगात पाठवण्यात आलं. पैसेवाले म्हणून कोठडीऐवजी तुरुंगाधिकाऱ्याच्या घरी राहायची सोय झाली. पतीही सोबत जाऊन राहिले. सात-आठ महिने असे गेले. मार्च १८०० मध्ये टॉन्टनला खटला चालला. गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाने ज्यूरीपुढे बाजू मांडण्याची मुभा त्या काळी नव्हती, ती मिळाली १८३६ साली. म्हणून मामींना स्वतः उभं राहून बोलावं लागलं. ज्यूरीने काही मिनिटांतच त्यांना निर्दोष सोडलं.

घरच्यांची खात्री होती की लेस दुकानवाल्यांनीच मुद्दाम घातली. श्रीमंत माणूस अब्रूपायी गुपचूप पैसे देईल, हा हिशेब. काही अभ्यासकांना मात्र वाटतं की मामींनीच ती उचलली असावी. खरं काय ते लेसलाच ठाऊक! पण मामींच्या हाताशी पैसा होता, वकील होते, ओळखीपाळखी होत्या. मेरी जोन्सकडे यातलं काहीच नव्हतं.

मंडळी, हे सगळं जुनं झालं, फाशी गेली. मग आता काय? आता पत्र येतं.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून राज्याराज्यांत कायदे झाले की चोरी करणाऱ्याकडून दुकानदाराला दिवाणी भरपाई मागता येईल. कॅलिफोर्नियात ही रक्कम पन्नास ते पाचशे डॉलर, अधिक खर्च. तिथे निदान कायद्यात आकडा आहे. इंग्लंडमध्ये असा कायदा नसतानाच १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सुरू झाली. दुकानात कुणी पकडला गेला की काही दिवसांनी दुकानाच्या वतीने एका एजन्सीचं पत्र येई. सुरक्षारक्षकाचा वेळ, कागदपत्रं, कॅमेरे यांचा खर्च म्हणून ठरावीक रक्कम भरा, नाहीतर कोर्टात जाऊ. वस्तू चार-पाच पौंडांची, तीही जागीच परत मिळालेली, आणि मागणी १३७.५० पौंडांची. अशी पत्रं अनेकदा शाळकरी वयाच्या मुलांना जात. 'सिटिझन्स ॲडव्हाइस' ही मोफत सल्ला देणारी संस्था, तिने २००९ आणि २०१० साली यावर अहवाल काढून आवाज उठवला.

मग मे २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टात दोन मुलींचा खटला उभा राहिला. त्या निरपराध नव्हत्या, चोरी केली होती. दुकानाने प्रत्येकीकडे १३७.५० पौंड मागितले. मुलींच्या बाजूने वकील विनामूल्य उभे राहिले. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. कारण साधं: चोर पकडणं हे रक्षकाचं रोजचंच काम, त्या मुलींमुळे त्याला दुसरं काही सोडावं लागलं नाही. कॅमेरे त्या आल्या नसत्या तरी लागलेच असते. मग नुकसान कुठलं?

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. निरपराध्याला सोडणं सोपं असतं हो. पण जो खरंच चुकला आहे, त्याच्याकडूनही जितकं देणं आहे तितकंच मागावं, हे सांगायला शहाणपण लागतं. चोरी केली म्हणून त्याला कुणीही लुटावं असं नाही.

अमेरिकेतही असंच एक प्रकरण झालं. दुकानात पकडलेल्यांना एक कंपनी सांगे, चारशे-पाचशे डॉलर भरून आमचा सुधारणेचा अभ्यासक्रम घ्या, म्हणजे पोलिसांना बोलावणार नाही. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टाने हे खंडणीत मोडतं असं ठरवलं. बाथच्या लेसवाल्यांवरचा संशय आणि हे, फरक कितीसा?

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. हा सगळा धंदा त्या झाकल्या मुठीवरच चालतो. माणूस पैसे भरतो ते देणं लागतो म्हणून नाही, चार लोकांत बभ्रा नको म्हणून. शाळेत वर्षानुवर्षं पाहिलं आहे. वर्गात पेन हरवलं आणि एखाद्या मुलाकडे बोट गेलं, की पेन दप्तराच्या तळाशी सापडल्यावरही ते बोट त्याच्या पाठीवरून लवकर उतरत नाही.

आपल्या कायद्यानेही अलीकडे थोडा समंजसपणा दाखवला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, तर शिक्षा समाजसेवेची.

हे लिहिलं ते मुख्यतः आपल्या घरातल्या परदेशी शिकणाऱ्या मुलांसाठी. तिथे दुकानातली चोरी ही थट्टा नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासाने भारतीयांना स्पष्ट बजावलं होतं की चोरीपायी व्हिसा रद्द होऊ शकतो. तेव्हा हात स्वच्छ ठेवा हे आलंच. पण कुणी खोटा आळ घेतला, किंवा चूक झालीच आणि पैसे मागणारं पत्र आलं, तर घाबरून भरू नका आणि न वाचता कशावर सही करू नका. कोर्टाचा कागद आला तर तो मात्र बाजूला टाकू नका. जाणत्या माणसाचा सल्ला घ्या, इंग्लंडात तो फुकट मिळतो.

आणि घरी फोन करा. आम्ही रागावू, नाही असं नाही. पण आधी पत्र नीट वाचून घेऊ.