आगमनकाल, वसईच्या कॅथलिक कुटुंबांतील

ख्रिस्ती उपासनावर्षातील नाताळपूर्वीचा चार रविवारांचा पर्वकाल. ‘आगमन’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास ॲडव्हेंट हे नाव पडले. संत आंद्रेयाच्या सणाला (३० नोव्हेंबर) सर्वांत जवळ असलेल्या रविवारी तो सुरू होतो. त्यामुळे त्याचा आरंभ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान केव्हाही येतो, तर समाप्ती २४ डिसेंबरच्या सायंकाळी होते. याच पहिल्या रविवारी कॅथलिक चर्चचे नवे उपासनावर्ष सुरू होते. ख्रिस्तजन्माची प्रतीक्षा, आत्मपरीक्षण व संयम ही या काळाची मुख्य अंगे होत. महाराष्ट्रात वसईच्या (सध्या पालघर जिल्हा) कॅथलिक समाजात या काळाला चर्चइतकेच घरातही निश्चित रूप प्राप्त झाले. यूरोपात हा काळ कडक थंडीच्या, अल्प प्रकाशाच्या व शेतीची कामे थंडावलेल्या दिवसांत घडला. वसईत मात्र तो नवे भात घरात येण्याच्या, म्हणजे वर्षातील सर्वांत भरल्या दिवसांत आला. त्याचे तेथील कौटुंबिक स्वरूप या फरकातून समजून घ्यावे लागते.

उगम व विकास : आगमनकालाचा आरंभ गॉलमधील उपवासाच्या प्रथेत आढळतो. तूर येथील बिशप पर्पेट्युअस याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात संत मार्टिनच्या सणापासून (११ नोव्हेंबर) नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नियम घालून दिला. सहाव्या शतकाच्या अखेरीस माकाँ येथील धर्मसभेने त्यास दुजोरा दिला. रोममध्ये पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याच्या सुमारास चार रविवारांची पद्धती रूढ झाली, असे मानतात. १९६९ मध्ये सुधारलेल्या उपासनापंचांगानुसार या काळाचे दोन भाग पडतात : १६ डिसेंबरपर्यंत ख्रिस्ताच्या द्वितीय आगमनाचे चिंतन आणि १७ ते २४ डिसेंबर या दिवसांत जन्मोत्सवाची प्रत्यक्ष तयारी. धर्मगुरूंची वस्त्रे या काळात जांभळी असतात. तिसऱ्या रविवारी आनंदाची खूण म्हणून गुलाबी वस्त्रे वापरता येतात. हिरव्या डहाळ्यांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या रोवून दर रविवारी एकेक अधिक पेटविण्याची प्रथा मात्र बरीच अलीकडची आहे. हँबर्ग येथील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक योहान हिन्रिख विखेर्न याने १८३९ मध्ये अनाथ मुलांसाठी ती सुरू केली व विसाव्या शतकात ती कॅथलिक चर्चमध्ये रुळली.

वसईतील पूर्वपीठिका : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट इ. संघांच्या धर्मोपदेशकांनी या भागात चर्च उभारली आणि सांडोर, पापडी, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या परिसरातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. सामवेदी (कुपारी), वाडवळ व कोळी हे या समाजातील प्रमुख घटक. कुपारी हे नाव धर्मपित्याला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या पोर्तुगीज शब्दावरून आले, असे सांगितले जाते. धर्मांतरानंतरही जमीन, व्यवसाय व बोली बव्हंशी पूर्वीच्याच राहिल्या. सामवेद्यांची कादोडी आणि वाडवळांची वाडवळी या बोली आजही घराघरांतून ऐकू येतात. नाताळ हा शब्द मूळचा पोर्तुगीज, पण तो अखिल मराठीचा झाला. पाद्री व पाव या शब्दांचेही तसेच.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई घेतली. पोर्तुगीज सत्तेबरोबर चर्चचा राजाश्रय संपला, बहुतेक यूरोपीय धर्मगुरू निघून गेले व चर्चचे काम मुख्यतः देशी धर्मगुरूंवर आले. अशा काळात धर्मजीवनाचा भार कुटुंबाने उचलणे स्वाभाविक होते. सायंकाळच्या घंटेनंतर घरातील क्रूसापुढे दिवा लावून सर्वांनी मिळून म्हणावयाची जपमाळ, वडीलधाऱ्यांना नमस्कार करून घ्यावयाचा आशीर्वाद आणि मुलांना तोंडपाठ करून द्यावयाच्या प्रार्थना ही या घरगुती धर्माची साधने होती. त्यांची शिकवण मुख्यतः आई व आजी यांच्याकडून मिळे. ख्रिस्ती आशयाची मराठी रचना तर त्याहून जुनी आहे. टॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाचा (१६१६) पहिला भाग बायबलच्या जुन्या करारावर आधारलेला असून जगाने मुक्तिदात्याची पाहिलेली वाट हाच त्याचा मुख्य धागा आहे. आगमनकालाचा विषय अशा रीतीने मराठी ओवीत चारशे वर्षांपूर्वीच आलेला होता.

ऋतू व शेती : उत्तर यूरोपात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस अतिशय लहान होतो, लंडन येथे तो आठ तासांहूनही कमी असतो. अंधारात प्रकाशाची वाट पाहण्याची आगमनकालातील प्रतिमा तेथील माणसाला प्रत्यक्ष अनुभवाची होती. वसईत याच सुमारास दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो आणि थंडी सौम्य असते. पावसाळी भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. झोडणी, पाखडणी व साठवण होऊन कार्तिक-मार्गशीर्षात धान्य घरात येते आणि पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. विहिरींच्या पाण्यावरील वाड्यांत केळी, पानवेल, भाजीपाला व फुले यांचा हंगाम चालू होतो. हवा कोरडी होताच राजेळी केळी सोलून उन्हात वाळवितात. ही वसईची सुकेळी दूरवर प्रसिद्ध आहेत. पाचूबंदर, अर्नाळा येथील कोळीवाड्यांत बोंबील वाळत घालण्याचे काम जोरात असते.

याचा अर्थ असा, की ज्या दिवसांत चर्च संयम सांगते, त्याच दिवसांत घरात खाण्यापिण्याची सर्वांत अधिक सोय असते. यूरोपातील शेतकऱ्याला हिवाळा साठा पुरवून वापरावयास लावी; वसईच्या शेतकऱ्याला नवा तांदूळ, गूळ व नारळ हाताशी असता सणाचा पदार्थ सणापर्यंत राखून ठेवावा लागे. येथील प्रतीक्षा टंचाईपोटी आलेली नसून ती कुटुंबाने स्वतःवर घालून घेतलेली असते. शेजारच्या हिंदू घरांतही याच सुमारास मार्गशीर्षातील गुरुवारांचे व्रत व सामिष आहार वर्ज्य करण्याची चाल पाळली जाते. दोन्ही समाजांच्या स्वयंपाकघरांत एकाच महिन्यात संयमाचे नियम असणे ही या भागातील लक्षणीय गोष्ट होय.

घरातील तयारी : घराची झाडलोट, भिंतींना चुना वा रंग, अंगणाची डागडुजी आणि वाटेवरील क्रूसांची रंगरंगोटी ही कामे आगमनकालाच्या पूर्वार्धात केली जातात. पावसाने खराब झालेले छप्पर, कुंपण व विहिरीचा काठ यांची दुरुस्तीही याच कोरड्या दिवसांत होत असल्याने सणाची आणि हिवाळ्याची तयारी एकमेकींत मिसळून जाते. स्त्रियांचे मोठे काम पिठाचे. नवा तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळावयाचा, रवा-मैदा चाळावयाचा व नारळ खवावयाचे, अशी तयारी झाल्यावर १७ डिसेंबरच्या आसपास प्रत्यक्ष तळणाला आरंभ होतो. करंज्या किंवा नेवऱ्या, शंखाच्या आकाराची कुलकुले व नारळाच्या वड्या हे पदार्थ बहुतेक घरांत असतात. सामिष जेवणाबरोबर खावयाचे फुगे मात्र ऐन सणाला तळतात. कुलकुले वळण्याचे काम वेळखाऊ असल्याने त्यासाठी भावकीतील व शेजारच्या बायकामुली आळीपाळीने एकमेकींच्या घरी बसतात. या बैठकांतूनच गाणी, प्रार्थना व पाककृती पुढील पिढीकडे जातात. नाताळच्या दिवशी गोडाची ताटे हिंदू शेजाऱ्यांकडेही जातात. दिवाळीच्या फराळाची ती परतफेड असते.

मुलांकडे गव्हाणीचे काम असते. येशूजन्माचा देखावा उभारण्याची प्रथा असीसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो या इटालियन गावी केलेल्या देखाव्यापासून लोकप्रिय झाली. वसईत गोठ्याच्या छपराला नव्या भाताचा पेंढा मिळतो. काही घरांत आठदहा दिवस आधी पसरट भांड्यात धान्य पेरून त्याचे कोवळे अंकुर गव्हाणीभोवती शेत म्हणून मांडतात. नवरात्रातील घटाशी असलेले त्याचे साम्य सहज ध्यानात येते. बांबूच्या कामट्या व पतंगी कागद यांचा ताराकृती कंदील दारावर चढतो. बाळ येशूची मूर्ती मात्र गव्हाणीत २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत ठेवीत नाहीत. ही रिकामी जागा लहान मुलांना प्रतीक्षेचा अर्थ सर्वांत सोप्या रीतीने सांगते.

उपवास व विवाह : १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार नाताळच्या पूर्वदिनी उपवास व मांसवर्जन बंधनकारक होते, १९६६ मध्ये पोप सहावा पॉल याने नियम सौम्य केल्यावर हे बंधन उरले नाही. तरीही जुन्या पिढीतील अनेक जण तो दिवस साधेपणाने घालवीत. सणापूर्वी पापनिवेदन करणे, भाऊबंदकीतील अबोला मिटविणे व आजारी व्यक्तींची विचारपूस करणे यांवर धर्मगुरू भर देतात. ट्रेंटच्या धर्मसभेने (१५४५–६३) आगमनकालात समारंभपूर्वक विवाह करण्यास मनाई केली होती. त्यामुळे विवाह एकतर त्यापूर्वी किंवा नाताळनंतर उपवासकाल लागेपर्यंत होत. सुगीनंतर घरात पैसा व धान्य असण्याचा काळही हाच असल्याने चर्चचा नियम व शेतकऱ्याची सोय यांचा मेळ बसला. आगमनकालाच्या आरंभीच, ३ डिसेंबर रोजी, संत फ्रान्सिस झेविअरचा सण येतो. १५५२ मध्ये याच दिवशी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर त्याचे निधन झाले.

घाटावरील भिन्न स्थिती : सह्याद्रीच्या पूर्वेस हाच पर्वकाल वेगळ्या ऋतुमानात येतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात मोडतात. शेजारचा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हाही १९८७ मध्ये नासिक धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत त्याच धर्मप्रांतात होता. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मन जेझुइटांनी खेडोपाडी कार्य केले व मराठीभाषी कॅथलिक समाज उभा राहिला. या पठारी प्रदेशात डिसेंबरात रात्रीचे तापमान पुष्कळदा १०° से.च्या आसपास उतरते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात भात निघालेले असते. पूर्वेकडील भागात मात्र ज्वारी, हरभरा व गहू ही रब्बी पिके शेतात उभी असतात, कांदा व द्राक्षे यांची निगा चालू असते आणि विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो. ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे घर सोडून फडावर जाण्याचे हेच दिवस. त्यामुळे भूमिहीन मजुरांची संख्या मोठी असलेल्या या प्रदेशात आगमनकालाची घरगुती तयारी वसईइतकी विस्ताराने करणे सर्वांनाच शक्य नसते. कौटुंबिक पर्व पाळण्यास श्रद्धेबरोबर स्थिर घर व स्वतःची जमीन यांचाही आधार लागतो, हे या तुलनेवरून दिसते.

आधुनिक परिवर्तन : १८६४ मध्ये रेल्वे सुरू झाल्यावर वसईची फुले, भाजी व पाने मुंबईच्या बाजारात रोज जाऊ लागली आणि पुढे तरुणही नोकरीसाठी जाऊ लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लॅटिनच्या जागी मराठी आली. घरातील प्रार्थनेची व चर्चमधील विधीची भाषा एक झाली. सुवार्ता या मासिकाने आणि त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांनी या मराठी ख्रिस्ती जीवनाला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

याच काळात जमिनीचा प्रश्न तीव्र झाला. १९८० नंतरच्या दशकांत शेते व वाड्या यांवर झपाट्याने इमारती उभ्या राहू लागल्या. दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध लढा दिला. तथापि नागरीकरण चालूच राहिले व २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. भातशेती घटल्याने नवा तांदूळ, पेंढा व सुगीनंतरची सवड ही आगमनकालाची घरगुती सामग्री कमी होत गेली. गोडाचे पदार्थ, कंदील व गव्हाणी पुष्कळदा विकत आणली जातात आणि सणाची आरास डिसेंबरच्या प्रारंभीच पूर्ण होत असल्याने वाट पाहण्याचा भाग आखूड होतो. याउलट चर्चमधील कार्यक्रम वाढले असून पूर्वी घरात अनौपचारिकपणे होणारे शिक्षण आता धर्मशिक्षणवर्ग व वस्तीवरील प्रार्थनासभा यांतून होते. पंचांगाने ठरविलेला काळ कायम आहे. त्याला आशय पुरविणारे शेत व मोठे कुटुंब मात्र मागे हटत आहेत. ज्या घरांत आजही आजी नातवंडांना जपमाळेसाठी एकत्र बसविते व गव्हाणीसाठी वाटीभर धान्य पेरून घेते, तेथे जुन्या आगमनकालाचे मुख्य अंग टिकून आहे.