एव्हर्टन गुणकपात आणि समर्थकांचा निषेध (२०२३-२४)

प्रीमियर लीग या इंग्लंडमधील सर्वोच्च फुटबॉल साखळीच्या आर्थिक नियमांचा भंग केल्याबद्दल लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन क्लबला झालेली शिक्षा व तीविरुद्ध क्लबच्या समर्थकांनी केलेला निषेध. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी स्वतंत्र आयोगाने एव्हर्टनचे १० गुण कापले. प्रीमियर लीगच्या इतिहासात तोवर इतकी मोठी गुणकपात कोणत्याही क्लबची झालेली नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपिलात ती सहा गुणांवर आली, तर एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन गुण गेले. नियम मोडल्याचे क्लबनेच मान्य केले होते. त्यामुळे समर्थकांचा रोष मुख्यतः शिक्षेचे प्रमाण, तिची वेळ आणि लीगचा क्लबाक्लबांतील कथित भेदभाव यांवर होता.

पार्श्वभूमी : एव्हर्टनची स्थापना १८७८ मध्ये झाली. १८८८ मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापक क्लबांपैकी तो एक. त्याने नऊ वेळा इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवले असून त्यांतील शेवटचे १९८७ चे आहे. १९५४ पासून हा क्लब सर्वोच्च श्रेणीतून कधीही खाली गेलेला नाही. खालच्या श्रेणीत घसरणे म्हणजे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग गमावणे, खेळाडू विकणे आणि क्लबमधील कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या धोक्यात येणे. त्यामुळे दहा गुणांचा अर्थ समर्थकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२०१६ मध्ये फरहाद मोशिरी यांनी क्लबमध्ये मोठी भागीदारी घेतल्यानंतर खेळाडूंच्या खरेदीवर प्रचंड पैसा ओतला गेला. रोनाल्ड कुमान, सॅम ॲलरडाइस, मार्को सिल्व्हा, कार्लो आन्चेलॉटी, राफाएल बेनितेझ, फ्रँक लॅम्पार्ड आणि शॉन डाइक असे प्रशिक्षक एकामागून एक आले. प्रत्येकाच्या पसंतीचे खेळाडू वेगळे. खर्च वाढला, संघ मात्र खालीच सरकत राहिला. शिवाय ब्रॅम्ली-मूर गोदीवर नवे मैदान उभारण्याचे काम चालू होते.

या कारभाराविरुद्ध पहिला आवाज समर्थकांनीच उठवला. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी संचालक मंडळाच्या राजीनाम्याची मागणी लावून धरली होती. १४ जानेवारीच्या साउदॅम्प्टनविरुद्धच्या सामन्याला सुरक्षेचे कारण देऊन संचालक आलेच नाहीत. दहा महिन्यांनी शिक्षा झाली, तेव्हा तिची झळ बसली ती ज्यांनी आधीच धोक्याची सूचना दिली होती त्यांना.

नियम : नफा व शाश्वततेविषयीच्या नियमांनुसार प्रीमियर लीगमधील क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंडांचा तोटा करता येत असे. युवा प्रशिक्षण, महिला फुटबॉल, समाजोपयोगी कामे आणि मैदानासारख्या पायाभूत सुविधा यांवरचा खर्च या हिशेबातून वगळला जात असे. कोविडच्या काळातील नुकसानीलाही सूट मिळाली होती. मात्र मर्यादा ओलांडल्यास नेमकी किती शिक्षा व्हावी, याचे कोष्टक नियमावलीत नव्हते. पुढचा सारा वाद या त्रुटीतून निर्माण झाला.

आयोगाचा निर्णय : २०२१-२२ अखेरच्या कालखंडात एव्हर्टनचा हिशेबी तोटा १२ कोटी ४५ लाख पौंड, म्हणजे मर्यादेपेक्षा १ कोटी ९५ लाख पौंडांनी जास्त ठरला. मैदानासाठीच्या कर्जावरील व्याज, युक्रेनवरील आक्रमणानंतर बंद पडलेले रशियन प्रायोजकत्व यांसारखी कारणे क्लबने पुढे केली. आयोगाने ती शिक्षा सौम्य करण्यास पुरेशी मानली नाहीत. धनाढ्य मालक असलेल्या क्लबला केवळ आर्थिक दंड पुरेसा होत नाही, म्हणून शिक्षा मैदानावरच जाणवली पाहिजे, असे आयोगाचे म्हणणे होते. सहा गुणांपासून सुरुवात करून जादा तोट्याच्या दर ५० लाख पौंडांमागे एक गुण वाढवावा, असे सूत्र लीगने सुचवले होते. आयोगाने ते स्वीकारले नाही, पण स्वतःचे दुसरे सूत्रही दिले नाही. १४ गुणांसह चौदाव्या स्थानावर असलेला संघ एका दिवसात चार गुणांवर आणि एकोणिसाव्या स्थानावर आला.

समर्थकांची प्रतिक्रिया : निषेधाची पहिली मोठी खूण एव्हर्टनच्या नव्हे, तर दुसऱ्या क्लबच्या मैदानावर दिसली. २५ नोव्हेंबरला मँचेस्टर सिटी व लिव्हरपूल यांच्यातील सामना चालू असताना सिटीच्या एतिहाद मैदानावरून विमानामागे लीगला भ्रष्ट म्हणणारा फलक फिरवण्यात आला. जागा विचारपूर्वक निवडली होती. सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये आर्थिक नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले होते आणि त्यांची सुनावणी अद्याप सुरूही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एव्हर्टनच्या गुडिसन पार्क या मैदानावर मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा सामना होता. मैदानातील वातावरणासाठी फलक व पताका तयार करणाऱ्या ‘१८७८’ या नावाच्या समर्थक गटाने हजारो गुलाबी कागद वाटले होते. त्यांवर लीगचे बोधचिन्ह व त्याखाली ‘भ्रष्ट’ हा एकच शब्द छापलेला होता. सामन्यापूर्वी लीगचे गीत वाजू लागताच चारही बाजूंचे प्रेक्षक उभे राहिले, कागद उंचावले गेले आणि गीत हुर्योत बुडाले. सामना एव्हर्टनने ०-३ असा गमावला. अलेहांद्रो गार्नाचोने तिसऱ्याच मिनिटाला डोक्यावरून मारलेल्या लाथेचा गोल त्या दिवशी जगभर दाखवला गेला. तरी मैदानातील घोषणा थांबल्या नाहीत. त्यानंतरच्या सामन्यांतही लीगचे गीत वाजले की हुर्यो उठत राहिली.

समर्थकांचा युक्तिवाद तीन मुद्द्यांवर उभा होता. पहिला मुद्दा समान न्यायाचा. २०२१ मध्ये सहा मोठ्या क्लबांनी युरोपियन सुपर लीगच्या बेतात सामील होऊन इंग्लिश फुटबॉलच्या रचनेलाच धक्का दिला होता. त्या सहांनी मिळून २ कोटी २० लाख पौंड भरले. एकाचाही गुण गेला नाही. दुसरा मुद्दा प्रमाणाचा. २००९-१० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेल्या पोर्ट्‌समथचे नऊ गुण कापले गेले होते. देणी थकवून कोसळलेल्या क्लबपेक्षा मर्यादा ओलांडणाऱ्या क्लबचा अपराध मोठा कसा, असा त्यांचा प्रश्न होता. तिसरा मुद्दा प्रक्रियेचा. ग्रेटर मँचेस्टरचे महापौर आणि एव्हर्टनचे आजन्म समर्थक अँडी बर्नहॅम यांनी लीगला पत्र लिहून, प्रकरण चालू असतानाच शिक्षेचे सूत्र मांडण्याला आक्षेप घेतला.

संघानेही या रोषाला मैदानावर उत्तर दिले. डिसेंबरमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट, न्यूकॅसल, चेल्सी व बर्नली यांना ओळीने हरवून आणि चारही सामन्यांत एकही गोल न स्वीकारता एव्हर्टन घसरणीच्या क्षेत्रातून बाहेर आला.

इतर क्लबांच्या समर्थकांची बाजू : एव्हर्टनच्या समर्थकांना बाहेरूनही बरीच सहानुभूती मिळाली, पण बर्नली, लेस्टर व लीड्सच्या समर्थकांकडे पाहिले की प्रकरणाची दुसरी बाजू दिसते. २०२१-२२ मध्ये एव्हर्टनचे ३९ गुण होते आणि ३५ गुण असलेला बर्नली खाली गेला. सहा गुणांची कपात त्याच हंगामात झाली असती, तर एव्हर्टन ३३ गुणांवर, म्हणजे बर्नलीच्या खाली राहिला असता. पुढल्या वर्षी एव्हर्टन ३६ गुणांसह शेवटच्या दिवशी वाचला. ३४ गुणांचा लेस्टर व ३१ गुणांचा लीड्स खाली गेले. खाली गेलेल्यांना उशिरा आलेल्या शिक्षेने काहीच परत मिळाले नाही. शिक्षा कठोर होती की नाही यावर मतभेद होऊ शकतात; ती फार उशिरा झाली, यावर दोन्ही बाजूंचे समर्थक एकच बोलत होते.

अपील व दुसरी शिक्षा : २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अपील मंडळाने कपात दहावरून सहा गुणांवर आणली. क्लबच्या नऊ मुद्द्यांपैकी दोन मान्य झाले. मैदानाच्या कर्जाबाबत क्लबने लीगशी प्रामाणिकपणे व्यवहार केला नाही, हा आयोगाचा निष्कर्ष चुकीचा ठरला. तसेच खालच्या श्रेणींसाठी इंग्लिश फुटबॉल लीगने आखलेल्या शिक्षांच्या मार्गदर्शक मापांचा विचार आयोगाने करायला हवा होता, असेही मंडळाने म्हटले.

१८ मार्चला नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. हिशेबाच्या तीन वर्षांतील दोन हंगाम खालच्या श्रेणीत गेल्याने फॉरेस्टची मर्यादा ६ कोटी १० लाख पौंड होती व ती ३ कोटी ४५ लाख पौंडांनी ओलांडली गेली होती. म्हणजे जादा तोटा एव्हर्टनपेक्षा मोठा आणि कपात कमी. दोष लवकर मान्य करून सहकार्य केल्याबद्दल फॉरेस्टला सवलत मिळाली होती. तरीही या फरकाने गुडिसनवरील संताप पुन्हा उफाळला. ८ एप्रिलला २०२२-२३ अखेरच्या कालखंडातील १ कोटी ६६ लाख पौंडांच्या जादा तोट्याबद्दल एव्हर्टनचे आणखी दोन गुण गेले. दोन्ही कालखंडांतील काही वर्षे समान असल्याने एकाच चुकीची दुहेरी शिक्षा टाळण्यासाठी कपात कमी ठेवण्यात आली.

२४ एप्रिलला लिव्हरपूलला २-० आणि २७ एप्रिलला ब्रेंटफर्डला १-० असे हरवून एव्हर्टनने सर्वोच्च श्रेणीतील जागा राखली. मैदानावर कमावलेले गुण ४८, हाती राहिलेले ४० आणि स्थान पंधरावे. कपात झाली नसती तर संघ बारावा आला असता.

भारतातील दाखले : क्लबला झालेली शिक्षा आणि समर्थकांची अस्वस्थता भारतातही दिसली आहे. ९ डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ईस्ट बंगालविरुद्ध खेळताना प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने मोहन बागानचा रहीम नबी जखमी झाला आणि मध्यंतरानंतर संघ मैदानात उतरला नाही. आय-लीगच्या नियमांनुसार क्लबवर दोन वर्षांहून अधिक काळाची बंदी आली. शतकाहून जुन्या क्लबच्या समर्थकांमध्ये खळबळ उडाली. पुढे जानेवारी २०१३ मध्ये बंदी उठवून दोन कोटी रुपये दंड व १२ गुणांची कपात अशी शिक्षा ठरली. मार्च २०२३ मध्ये बंगळुरूत प्रतिस्पर्धी संघाच्या सुनील छेत्रीच्या फ्रीकिकवरून झालेल्या वादात केरळा ब्लास्टर्सने सामना अर्ध्यावर सोडला. क्लबला चार कोटी रुपये दंड आणि प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांना दहा सामन्यांची बंदी झाली. ‘मंजप्पडा’ हा समर्थक गट मात्र प्रशिक्षकाच्या पाठीशी ठाम उभा राहिला. या दोन्ही प्रकरणांत संघाने सर्वांदेखत मैदान सोडले होते. एव्हर्टनचा अपराध हिशेबाच्या वह्यांतला होता.

मूल्यमापन : लीग भ्रष्ट आहे या समर्थकांच्या घोषणेला अपील मंडळाच्या निर्णयात कोठेही आधार मिळाला नाही. लाचखोरीचा वा हेतुपुरस्सर पक्षपाताचा निष्कर्ष त्यात नाही. परंतु घोषणेमागची मूळ तक्रार, शिक्षा मापाबाहेर आहे ही, ग्राह्य ठरली आणि चार गुण परत मिळाले. समर्थकांनी नियमच नको असे म्हटले नव्हते. अवाजवी खर्चाने बुडालेल्या बरी व मॅक्लेसफील्ड यांसारख्या क्लबांची उदाहरणे इंग्लंडमध्ये ताजी असल्याने खर्चावर लगाम हवा, हे त्यांनाही मान्य होते. जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा मंजूर होऊन इंग्लंडमध्ये स्वतंत्र फुटबॉल नियामक अस्तित्वात आला. क्लबांच्या आर्थिक कारभारावर देखरेख ठेवणे आणि क्लब समर्थकांशी सल्लामसलत करतात की नाही हे पाहणे ही त्याची कामे आहेत.

या प्रकरणाचा धडा साधा आहे. अपराधाआधी शिक्षेचे माप लिहून ठेवले पाहिजे, ते लहानमोठ्या सर्व क्लबांना सारखेच लागू झाले पाहिजे आणि ज्या हंगामात नियम मोडला त्याच हंगामात निकाल लागला पाहिजे. यांतले एकही नसेल, तर गुण क्लबचे कापले जातात, पण दंड भरतात ते तिकीट काढून दर आठवड्याला मैदानात येणारे लोक.