शाळेत विचार कोणी करावा?

शाळांच्या नेतृत्वाचा जो उच्च अभ्यास विद्यापीठांतून चालतो, त्याच्या इतिहासाविषयी आज बोलायचे आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. विद्यापीठाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून. परंतु हा इतिहास वाचताना आम्हांला तो मुळीच परका वाटला नाही. त्यात कारखाना आहे, मुकादम आहे, घड्याळ आहे, संघटना आहे आणि बडतर्फीही आहे.

या अभ्यासाची घडण मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली. तेथील शहरे एकोणिसाव्या शतकात विलक्षण वेगाने फुगली. शिकागोची वस्ती १८५० साली तीस हजारांच्या आत होती, ती १९०० साली सतरा लाखांच्या घरात गेली. देशोदेशींची गरीब माणसे येत होती, त्यांची मुले शाळेत येत होती आणि एकेका वर्गात पन्नासाहून अधिक मुले कोंबली जात होती. शाळांचा कारभार बहुतेक ठिकाणी वॉर्डातल्या पुढाऱ्यांच्या मुठीत असे. नेमणूक वशिल्याने, कंत्राट ओळखीने. तेव्हा शाळा चालवणारा माणूस शिकलेला, तज्ज्ञ असावा, ही मागणी रास्तच होती. १८७९ साली मिशिगन विद्यापीठाने अध्यापनशास्त्राचे स्वतंत्र प्राध्यापकपद निर्माण करून त्यावर विल्यम पेन या अनुभवी शाळा-अधीक्षकाला नेमले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेज हे या अभ्यासाचे मोठे पीठ झाले. १९०५ साली तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्यांत एलवुड कबर्ली आणि जॉर्ज स्ट्रेयर हे दोघे होते. या दोघांनी आणि त्यांच्या शिष्यांनी पुढची कित्येक वर्षे अमेरिकेतील शाळांना अधिकारी पुरवले.

हे अधिकारी काय शिकून आले? त्या काळी कारखानदारीत फ्रेडरिक टेलर यांचा बोलबाला होता. त्यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरचा ग्रंथ १९११ साली निघाला. कामाचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याला घड्याळ लावावे, विचार वरच्या कचेरीत करावा आणि खालच्याने सांगितले तेवढेच करावे, असे त्याचे थोडक्यात सार. हे वारे शाळांत शिरायला वेळ लागला नाही. १९१३ साली फ्रँक स्पॉल्डिंग या अधीक्षकांनी अधीक्षकांच्या परिषदेत हिशेब मांडला, की जेवढ्या पैशात एका विद्यार्थ्याला ग्रीक भाषेचे ५.९ तास मिळतात, तेवढ्यात फ्रेंचचे २३.८ मिळतात, म्हणून ग्रीक महाग आहे. ग्रीक शिकून मुलाच्या मनात काय उजळते, याला त्या हिशेबात रकाना नव्हता. १९१६ साली कबर्ली यांचे शालेय प्रशासनावरचे पाठ्यपुस्तक आले. शाळा हा एक प्रकारचा कारखाना, मूल हा कच्चा माल आणि समाजाच्या मागणीप्रमाणे त्यातून पक्का माल काढायचा, अशी उपमा त्यांनी त्यात निःसंकोच वापरली.

ज्यांचे वाडवडील मुंबईच्या गिरण्यांत राबले, त्यांना ही भाषा समजावून सांगायला नको. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. त्या संपाच्या कारणांत एक मोठे कारण हे, की विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावेत असा मालकांचा आग्रह होता. कामाची पद्धत ठरवताना काम करणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. सूत तुटते कोठे आणि का, हे साच्यापुढे उभा राहणारा सर्वांत आधी जाणतो. पण निर्णयाच्या वेळी त्याच्या जाणतेपणाला किंमत शून्य. शाळेत हेच घडले तर तुटणारा धागा सुताचा नसतो, मुलाचा असतो, एवढाच फरक.

याच सुमारास या अभ्यासाची दुसरी एक वाट निघाली होती, आणि ती टेलरांच्या ग्रंथाच्याही आधी. ती काढणारी बाई पन्नाशीला आलेली होती. एला फ्लॅग यंग यांचा जन्म १८४५ सालचा. सतराव्या वर्षी त्या शिकागोत शिक्षिका झाल्या. मग मुख्याध्यापिका, मग १८८७ पासून सहायक अधीक्षक. १८९५ च्या सुमारास, नोकरी सांभाळून, त्या शिकागो विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाच्या वर्गाला जाऊन बसू लागल्या. गुरू वयाने चौदा वर्षांनी लहान. १९०० साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. शाळेचा अनुभव यंगबाईंचा, तत्त्वज्ञान ड्यूईंचे. आणि या देवघेवीत आपणही पुष्कळ मिळवले, हे ड्यूईंनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

यंगबाईंच्या प्रबंधाचा विषय होता शाळेतील तुटकपणा. त्यांचे म्हणणे असे: शाळाखाते वाढत गेले तसे त्याचे कप्पे पडले. वरच्या कप्प्यात बसणारे विचार करतात आणि खालच्या कप्प्यातली शिक्षिका हुकूम बजावते. जिला स्वतः विचार करायची मुभा नाही, ती मुलांना विचार करायला कसे शिकवणार? म्हणून प्रत्येक शाळेत शिक्षकांची मंडळे असावीत; अभ्यासक्रम, पुस्तके, शिस्त यांवर तेथे मोकळी चर्चा व्हावी; आणि ती वरपर्यंत पोचण्याची नियमित वाट असावी. अधिकाऱ्याचे पद त्यांनी नाकारले नाही. पण ज्याच्या हाताखाली दुसऱ्यांचा विचार फुलतो तो नेता, अशी त्यांची कसोटी होती.

या विचाराला शिकागोत एक संघटित बळही मिळाले. १८९७ साली तेथील प्राथमिक शिक्षिकांनी आपला संघ स्थापला. मार्गारेट हेली आणि कॅथरीन गॉगिन या त्याच्या पुढारी. कबूल केलेली पगारवाढ द्यायला पैसा नाही, असे शाळामंडळाने सांगितले, तेव्हा या बायकांनी सरकारी दप्तरे चाळली. शहरातल्या बड्या कंपन्या आपल्या सवलतींवरचा कर बुडवत आहेत, हे शोधून काढून त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. बायकांना मत नव्हते, म्हणून ज्यांना मत होते त्या कामगारांशी त्यांनी १९०२ साली हातमिळवणी केली आणि संघ शहराच्या कामगार महासंघात सामील झाला. १९०४ साली सेंट लुईस येथे शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेपुढे हेलीबाईंनी बजावले, की शाळेला कारखान्याचे वळण लागले तर शिक्षक यंत्राचा खिळा होईल, आणि लोकशाहीचे शिक्षण त्याच दिवशी संपेल.

१९०९ साली यंगबाई शिकागोच्या सर्व शाळांच्या मुख्य अधीक्षक झाल्या. अमेरिकेतील एवढ्या मोठ्या शहराच्या शाळाखात्याची सूत्रे स्त्रीच्या हाती येण्याची ती पहिलीच वेळ. प्रबंधात लिहिलेली शिक्षकमंडळे त्यांनी प्रत्यक्षात आणली. १९१० साली त्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. पण सत्ता शाळामंडळाकडेच होती. १९१३ साली मंडळाने त्यांच्या जागी दुसरा अधीक्षक नेमला. शहरात एवढा गदारोळ झाला, की त्यांना परत बोलवावे लागले. १९१५ साली मंडळाने शिक्षकांना कामगार संघटनेत जाण्याची बंदी केली, आणि त्या वर्षाअखेर यंगबाई निवृत्त झाल्या. पुढल्या वर्षी ६८ शिक्षकांना पुन्हा नेमणूक नाकारण्यात आली. त्यांतले निम्म्याहून अधिक संघाचे सभासद होते. ती मंडळेसुद्धा १९२४ साली आलेल्या अधीक्षकाने मोडून टाकली. अधिकाऱ्याच्या मर्जीने आलेली गोष्ट दुसऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीने गेली. ज्या हक्काला नियमाचा आणि संघटनेचा आधार नसतो त्याचे असेच होते, हे कामगारांना ठाऊक आहे.

यंगबाई १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वारल्या. विद्यापीठांतून कित्येक वर्षे वजन राहिले ते कबर्लींच्या वाटेचे. १९६२ साली रेमंड कॅलाहन या इतिहासकाराने कार्यक्षमतेच्या या वेडाचा सविस्तर पंचनामा केला, तेव्हा पुष्कळांचे डोळे उघडले. हे ड्यूई १९०४ साली शिकागो सोडून कोलंबियात गेले, आणि १९१३ ते १९१६ या काळात तेथे त्यांच्या वर्गात आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत होते. लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार त्या वर्गातून आपल्या घरापर्यंत आलेला आहे. तो संसदेपुरता ठेवायचा आणि शाळेच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायचा, हे बरे दिसत नाही.

आज आपल्याकडेही शालेय व्यवस्थापनाच्या पदविका आणि पदव्या मिळतात, आणि शिक्षक कष्टाने त्या घेतात. त्या अभ्यासाला आमचा विरोध नाही. हिशेब, कायदा, वेळापत्रक ज्याला येत नाही त्याने शाळा चालवू नये. परंतु त्या पदवीने मुख्याध्यापक ऐकायला शिकला की नुसते परिपत्रक काढायला, हे पाहिले पाहिजे. आपल्यापैकी बरेचजण कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेचे सभासद आहेत. जूनमध्ये शाळा उघडतील. संस्थेच्या पहिल्याच बैठकीत एवढे विचारा: गेल्या वर्षी आपल्या शाळेत जे निर्णय झाले, त्यांपैकी किती निर्णयांत शिकवणाऱ्यांचे मत घेतले गेले, आणि ते कोठे लिहून ठेवले आहे? उत्तर कोरे आले, तर कामाला सुरुवात तेथूनच करावी लागेल.