कोल्हापुरीची नक्कल नेमकी कोण करतं?

डिझायनर वस्तू अस्सल आणि महाग, तिच्यासारखी दिसणारी रस्त्यावरची वस्तू नकली आणि स्वस्त, ही आपली ठरलेली समजूत. कोल्हापुरीच्या बाबतीत ती उलटी पडते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने मॉडेल्सच्या पायांत अंगठ्याची चामडी चप्पल चढवली आणि तिला नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं. कोल्हापूरचं नाव नाही, कारागिरांचं तर नाहीच. आपल्याकडे गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, तेव्हा कुठे कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं.

मीम्स आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केली. मला मात्र हे भांडण जुनं वाटतं, मिलानच्याही खूप आधीचं.

मी मुळशीत राहतो. इथल्या घाटातल्या जंगलात हिरड्याची झाडं आहेत. हिरडा आणि बाभळीची साल यांच्या पाण्यात कातडं मुरवायचं, ही कोल्हापुरीची पहिली पायरी. तळ जाड कातड्याचा, वेणी शेळीच्या मऊ चामड्याची. खिळा कुठेच नाही, शिवण चामड्याच्याच वादीने. कातडं कमवायचं काम ढोर समाजाकडे, चप्पल बांधायचं चर्मकारांकडे, आणि वेण्या, नक्षी बरेचदा घरातल्या बायकांच्या हातची. गावागणिक घाट बदलायचा, म्हणून ‘कापशी’ हे गावाचंही नाव आणि चपलेचंही. शाहू महाराजांच्या काळात या धंद्याला राजाश्रय मिळाला. तरीही ज्यांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांच्या हातची चप्पल पाटलापासून सगळ्यांच्या पायांत होती, आणि बाजारात ती ओळखली गेली शहराच्या नावाने. कारागिराचं नाव गाळायला इटलीहून कोणी यावं लागलं नाही.

गावांचीही तीच गत. अथणी, निपाणी ही चपलेची जुनी केंद्रं आज कर्नाटकात आहेत. म्हणून २०१९ मध्ये मिळालेलं जीआय मानांकन दोन राज्यांचं आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे, आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट हे तिकडचे चार. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्यांना हे सांगून बघा, गंमत येते.

आता कायद्याची मेख. जीआय जपतं ते नाव. प्राडाने ते नाव घेतलंच नव्हतं. डिझाइनची नोंदणी करावी तर आपल्या कायद्यात डिझाइन नवं असावं लागतं आणि संरक्षण मिळतं जास्तीत जास्त १५ वर्षं. पिढ्यान्‌पिढ्यांचा घाट त्यात बसणार कसा? याउलट ख्रिश्चन लुबुटाँच्या बुटांचा लाल तळ पाहा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला सुप्रसिद्ध व्यापारचिन्ह मानलं. एका माणसाने तळाला दिलेला रंग त्याची मालमत्ता ठरतो, हजारो हातांनी घडवलेला आकार कोणाचाच ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयात प्राडाविरुद्ध वकिलांनी केलेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. हक्क नोंदणीधारकांचा आहे, दावा लावायचा तर त्यांनी लावावा, असा त्याचा आशय.

पेशावरी चपलेचंही हेच झालं होतं. २०१४ मध्ये पॉल स्मिथ या ब्रिटिश डिझायनरने ती ‘रॉबर्ट’ नावाने ३०० पौंडांना विकायला काढली. पाकिस्तानातून ओरड झाल्यावर वर्णनात पेशावरचा उल्लेख आला.

पण खरं सांगायचं तर कारागिराच्या पोटावर पाय देणारी नक्कल मिलानमध्ये नाही, ती आमच्या भूगाव-पिरंगुट रस्त्यावर टांगलेली असते. रेक्झिनचे पट्टे, रबराचा तळ, यंत्राची शिलाई, वर ‘कोल्हापुरी’ असा ठसा. साडेतीनशे रुपये. अस्सल जोड हजार-पंधराशेच्या घरात जातो. शिवाय मुळशीचा पाऊस चामड्याला सोसत नाही, भिजलं की ते फुगतं, रबर टिकतं. ज्याचा खिसा आणि रस्ता असा आहे, तो रबरच घेणार. त्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. माझा राग त्या ठशावर आहे. स्वस्त चप्पल स्वस्त म्हणून विका की! प्राडाने नाव न घेता आकार उचलला, हे लोक आकारासोबत नावही उचलतात, आणि यांच्याविरुद्ध जीआयचा कायदा सरळ चालतो. तरी यांच्यावर मीम होत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. भारतात बनवून घ्यायचे २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ८०,००० रुपयांच्या वर. त्यातले किती कारागिराच्या हातात पडतात, हे मी तरी लक्ष ठेवून बघणार आहे.

तोवर आपल्या हातातल्या फोनचा एक उपयोग आहे. महाराष्ट्राच्या महामंडळाने कोल्हापुरीसाठी क्यूआर कोड आणलाय. स्कॅन केला की जोड कोणी बनवला, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या चामड्याचा, हे दिसतं. पुढच्या वेळी दुकानदाराने ‘एकदम ओरिजिनल आहे दादा’ म्हटलं, की कोड मागा. नसेल तर चप्पल उलटी करा, तळाला खिळा किंवा दोऱ्याची शिलाई दिसते का बघा, आणि मग भाव करा.