घरात विनाईल फ्लोअरिंग टाकताय? आधी ओल तपासा, मग डिझाईन निवडा

ठाणे/कल्याण : पाऊस ओसरला की गावात आणि शहरातही घराच्या डागडुजीची घाई सुरू होते. दसरा-दिवाळीच्या आधी रंग काढायचा, गळती बुजवायची, फरशी नीट करायची. डोंबिवलीच्या जुन्या बिल्डिंगमधली घासून पांढरी पडलेली मोझॅक असो की मुरबाड-शहापूरकडच्या घरातला तडकलेला कोबा, ते सगळं फोडून नवीन टाइल्स बसवायच्या म्हणजे खर्च, धूळ, राबिट उचलायची कटकट आणि आठ-पंधरा दिवस घर अंगणात. म्हणूनच बरेच जण विनाईल फ्लोअरिंगकडे वळतात. जुनी फरशी न फोडता तिच्यावरच ते बसतं. दिसायला लाकडासारखं, पायाला गार लागत नाही आणि एका खोलीचं काम दिवस-दोन दिवसांत उरकतं.

पण ठाणे जिल्ह्यातल्या पावसाळी हवेत हे फ्लोअरिंग चुकीच्या जमिनीवर टाकलं, तर पहिल्याच पावसाळ्यात कडा उचलतात, मधे फुगे येतात आणि खालून कुबट वास सुटतो. खराबी बहुतेक वेळा वरच्या मालात नसते, खालच्या जमिनीत असते.

विनाईल म्हणजे काय?

विनाईल म्हणजे पीव्हीसी. पाण्याचे पाइप ज्या प्लास्टिकचे असतात तेच, फक्त मऊ केलेलं. अमेरिकेतल्या वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये पीव्हीसी लवचिक करण्याची रीत शोधली आणि पुढे त्याच्या फरश्या आल्या. दुकानात याला पीव्हीसी कार्पेट, मॅट, विनाईल शीट, प्लँक अशी वेगवेगळी नावं आहेत. ढोबळमानाने चार प्रकार मिळतात.

१. रोल किंवा शीट : साधारण २ मीटर म्हणजे साडेसहा फूट रुंदीचा गुंडाळा. सगळ्यात स्वस्त. सांधे कमी येतात. पातळ शीट नुसतं अंथरताही येतं.

२. मागे गोंद असलेल्या टाइल्स : कागद सोलायचा आणि चिकटवायचं. छोट्या जागेला ठीक, पण गोंद साधा असतो. धूळ किंवा ओल असली की कडा सुटतात.

३. गोंदाने बसवायचे प्लँक : दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. वेगळा गोंद लावून बसवतात. नीट बसले तर वर्षानुवर्षं टिकतात, एखादी पट्टी खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

४. क्लिकवाले कडक प्लँक (एसपीसी) : दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेली कडक पट्टी, साधारण ४ ते ६ मिलिमीटर. एकमेकांत अडकतात, गोंद लागत नाही. महाग, पण उद्या काढून दुसरीकडे नेता येतात.

अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहणाऱ्यांनी नुसतं अंथरायचं शीट किंवा क्लिकवाला प्रकार घ्यावा. गोंदाने चिकटवलेलं काढताना मूळ फरशीवर डाग राहतात आणि मग डिपॉझिटवरून घरमालकाशी वाद होतो.

नुसती जाडी विचारू नका

दुकानदार "दोन एमएम आहे, चांगला आहे" असं सांगतो. ती झाली एकूण जाडी. खरी झीज सोसतो तो वरचा पारदर्शक थर, ज्याला वेअर लेयर म्हणतात. लाकडाचं डिझाईन हे छापलेलं चित्र असतं आणि हा थर झिजला की चित्रच पुसलं जातं. घरात येणं-जाणं कमी असेल तर ०.२ मिलिमीटरचा थर चालतो. माणसांचा राबता असलेल्या घराला ०.३ आणि दुकान, क्लास किंवा शिवणकामाच्या खोलीला ०.५ मिलिमीटर बरा. काही ठिकाणी हा आकडा 'मिल'मध्ये सांगतात. १२ मिल म्हणजे ०.३ मिलिमीटर आणि २० मिल म्हणजे ०.५ मिलिमीटर. मिल म्हणजे मिलिमीटर नव्हे, इथे फसू नका.

नमुन्याचा तुकडा मागून घरी न्या. त्यावर किल्ली घासून बघा, हळद-तेलाचा थेंब तासभर ठेवून पुसा, दुमडून बघा. तीव्र वास येत असेल किंवा दुमडल्यावर पांढरी चीर पडत असेल तर तो माल नको. लवचिक पीव्हीसी फरशीसाठी आयएस ३४६२ हे भारतीय मानक आहे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर त्याचा उल्लेख आहे का, तेही पाहा.

ओल तपासायची सोपी रीत

विनाईलमधून पाणी आरपार जात नाही, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. वरून सांडलेलं पाणी खाली जात नाही, तसं जमिनीतून येणारी ओलही वर निघून जात नाही. ती खाली अडकते, गोंद सोडवते आणि बुरशी धरते. तळमजल्याच्या आणि बैठ्या घरांना हा धोका जास्त.

तपासणी घरच्या घरी होते. दीड फूट लांब-रुंद असा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या. खोलीत दोन-तीन ठिकाणी, त्यातही बाहेरच्या भिंतीजवळ आणि मोरीच्या बाजूला, चारही कडांनी चिकटपट्टी लावून तो घट्ट बसवा. एक दिवस-रात्र तसाच ठेवा. उचलल्यावर प्लास्टिकच्या आत पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झाली, तर ओल आहे. अशा जमिनीवर विनाईल चिकटवू नका. ही तपासणी पावसाळ्यात किंवा पाऊस संपल्या-संपल्या केली तर खरं चित्र कळतं. एप्रिल-मेमध्ये सगळ्याच जमिनी कोरड्या वाटतात.

नवीन घरकुलात किंवा नव्या कोब्यावर घाई नको. सिमेंटवर पाणी मारायचे दिवस संपले म्हणजे ते वाळलं असं नाही. कोब्याच्या दर इंचाला साधारण एक महिना सुकायला द्यावा, असा ढोबळ हिशेब आहे. पावसाळ्याचे महिने त्यात धरू नयेत.

कोणत्या जमिनीवर चालतं?

टाइल्स, मोझॅक : घट्ट बसलेल्या असतील तर उत्तम. रुपया घेऊन ठोकत जा. पोकळ आवाज आला तर ती टाइल आधी पक्की करा.

शहाबादी, कडप्पा : दगड चालतो, पण सांधे खोल असतात. ते भरले नाहीत तर महिनाभरात विनाईलवर रेघा उमटतात. सांधे भरायला भिंतीची पुट्टी वापरू नका, ती पायाखाली भुगा होते. सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळून किंवा फरशीसाठीचं तयार लेव्हलिंग मिश्रण वापरून भरा.

कोबा : भेगा भरून, धूळ काढून चालतो.

शेणाने सारवलेली जमीन : इथे गोंद आणि क्लिक दोन्ही चालत नाहीत. आधी पक्का कोबा हवा. तोवर साधं शीट अंथरायचं असेल तर ते दर काही दिवसांनी गुंडाळून जमिनीला हवा द्या.

सरकारी किंवा जुन्या ऑफिसवजा इमारतीत आधीपासून कडक, ठिसूळ, चौकोनी प्लास्टिक टाइल्स असतील तर त्या फोडू किंवा घासू नका. पूर्वी अशा टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस घालत असत आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. त्या जागेवरच झाकणं बरं.

जुन्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर विनाईलचा आणखी एक फायदा आहे. जुन्या फरशीवर दीड इंच माल टाकून नवीन टाइल बसवली तर चौरस फुटाला नऊ-दहा किलो वजन वाढतं. दोन मिलिमीटरचं विनाईल चौरस फुटाला अर्धा किलोही भरत नाही.

माप काढताना पैसे वाचवा

समजा खोली १० बाय १२ फुटांची, म्हणजे १२० चौरस फूट. रोल साडेसहा फूट रुंद. पट्टे १२ फुटांच्या बाजूने टाकले तर दोन पट्टे लागतात आणि कापायला थोडं जास्त धरून साडेचोवीस फूट लांबी घ्यावी लागते. माल झाला जवळपास १६० चौरस फूट. तेच पट्टे १० फुटांच्या बाजूने टाकले तर दोन पट्ट्यांत १३ फूट रुंदी झाकली जाते, लांबी लागते साडेवीस फूट आणि माल होतो साधारण १३३ चौरस फूट. खोली तीच, पण सव्वीस-सत्तावीस चौरस फुटांचे पैसे वाचले. म्हणून दुकानात जाताना कागदावर खोलीचा नकाशा काढून न्या.

प्लँक घेताना कापाकापीसाठी दहा टक्के जास्त धरा. याच खोलीला १३२ चौरस फूट होतील. ६ बाय ३६ इंचाची पट्टी दीड चौरस फूट भरते, म्हणजे ८८ पट्ट्या. सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच आहे का ते बघा, नाहीतर रंगात फरक येतो. उरलेल्या चार-पाच पट्ट्या फेकू नका, पुढे दुरुस्तीला लागतात.

दर विचारताना एवढं स्पष्ट करून घ्या : गोंद, मजुरी, कडेची पट्टी, उंबरठ्याची पट्टी, जमीन सपाट करणं आणि जीएसटी त्यात धरलंय का?

बसवण्याचं काम

• माल एक-दोन दिवस आधी त्याच खोलीत आणून आडवा ठेवा. उन्हात तापलेला माल लगेच बसवला तर नंतर आकसतो आणि फटी पडतात.

• जमीन झाडून, पुसून, पूर्ण सुकवा. सरळ पट्टी ठेवून चढ-उतार बघा. दहा फुटांत ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी सपाट करा.

• दरवाजा उघडतो ना, ते बघा. एसपीसीने जमीन पाच-सहा मिलिमीटर वर येते. दार खालून घासत असेल तर सुताराकडून रंधून घ्या.

• खोलीच्या मधोमध दोरीने रेघ मारा. भिंती क्वचितच काटकोनात असतात. भिंतीवरून सुरुवात केली तर शेवटची पट्टी तिरकी येते.

• गोंद दातेरी थापीने पातळ आणि सारखा पसरा. तो किती वेळ उघडा ठेवायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढा वेळ थांबा.

• शेजारच्या ओळींचे सांधे एका रेषेत आणू नका, किमान सहा-आठ इंच पुढे-मागे ठेवा.

• बसवल्यावर रोलरने मधून कडेकडे दाबत हवा काढा.

• क्लिकवाल्या प्रकारात भिंतीपासून ६ ते ८ मिलिमीटर फट सोडा, ती कडेच्या पट्टीखाली झाकली जाते. फट न सोडल्यास उन्हाळ्यात फ्लोअरिंग मधे उचलतं.

• गोंद लावलेल्या खोलीत एक दिवस जड सामान ठेवू नका आणि चार-पाच दिवस ओलं पोछा मारू नका.

महत्त्वाचं : अनेक कारागीर रबरचं सोल्युशन वापरतात. त्याची वाफ पेट घेते. काम चालू असताना आणि वास जाईपर्यंत गॅस, चूल, देव्हाऱ्यातला दिवा, अगरबत्ती, बिडी-सिगारेट सगळं बंद ठेवा. खिडक्या-दारं उघडी ठेवा. लहान मुलं, गरोदर बाई किंवा दम्याचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर एक-दोन दिवस त्यांची दुसरीकडे सोय करा. पाण्यात मिसळणारा गोंद मिळाला तर तोच बरा.

इथे टाकू नका

पुराचं पाणी शिरणारं घर : २६ जुलै २००५ चा पूर कल्याण-बदलापूरकर विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हाही उल्हास नदीकाठच्या घरांत पाणी होतं. नदी, नाला किंवा खाडीजवळ तळमजल्यावर राहणाऱ्यांनी विनाईल चिकटवू नये. गाळाचं पाणी खाली शिरलं की सगळं उपटावं लागतं. तिथे टाइल्स किंवा कोबाच चांगला, फार तर उचलता येईल असं शीट.

चुलीजवळ : निखारा किंवा तापलेला तवा पडला की विनाईल वितळतं. पीव्हीसी जळताना निघणारा धूर डोळ्यांना आणि छातीला घातक असतो. चूल, शेगडी, पणती, मच्छर कॉइल यांच्याखाली दगड, टाइल किंवा पत्रा ठेवा.

मोरी, बाथरूम, ओटा, अंगण : सतत पाणी आणि ऊन या दोन्ही ठिकाणी टिकत नाही. स्वयंपाकघरात सिंकखालची कड सिलिकॉनने बंद करा.

गळती लपवायला : फरशीखालून पाइप गळत असेल तर आधी ती दुरुस्त करा. वरून झाकल्याने गळती खालच्या घरात निघते.

निगा कशी ठेवायची?

रोज झाडू, मग पिळलेल्या फडक्याने पोछा, पाण्यात साध्या साबणाचे चार थेंब. ॲसिड, थिनर, रॉकेल लावू नका. रबरी तळाची पायपुसणी जास्त दिवस ठेवली तर पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही. कापडी घ्या. कपाट, पलंग ओढण्याऐवजी उचला आणि पायांखाली गाद्या लावा. दारात पायपुसणं असलं तर पायाची वाळू आत येत नाही. विनाईल झिजवते ती मुख्यतः हीच वाळू. घरात म्हातारी माणसं असतील तर गुळगुळीत चकचकीत माल टाळून खरबरीत पृष्ठभागाचा घ्या.

पक्कं बिल घ्या

बिलावर मालाचं नाव, एकूण जाडी, वेअर लेयर, बॅच नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. कारागिराची मजुरीही कागदावर ठरवा आणि थोडी रक्कम काम झाल्यावर द्यायची ठेवा. माल खराब निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्यानेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. ओल तपासताना आणि माल बसवताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जमीन कोरडी होती हे दाखवायला पुढे तेच कामाला येतात.