ऑर्किडच्या ओठाची कुळकथा

ऑर्किडच्या फुलात तीन निदलं आणि तीन पाकळ्या असतात. त्यातली एक पाकळी मात्र बाकी दोघींशी नातं सांगत नाही. ती कुठे पसरट, कुठे पिशवीसारखी, कुठे ठिपक्यांनी भरलेली. बहुतेक परागवाहक कीटक तिच्यावरच उतरतात. वनस्पतिशास्त्रात तिला ओठ म्हणतात.

हा ओठ आला कुठून? डार्विनने १८६२च्या ऑर्किडवरील पुस्तकात फुलातल्या वाहिन्यांचा माग काढला आणि सांगितलं, की एक पाकळी आणि दोन पुंकेसर एकजीव होऊन ओठ झाला. उत्तर चुकलं, पण प्रश्न दीडशे वर्षं पुरला.

खरा धागा जनुकांत होता. फुलाचा कोणता भाग कुठे घडायचा, हे मुख्यत्वे ‘मॅड्स’ कुळातली जनुकं ठरवतात. हे नाव जोडून बनवलेलं आहे: यीस्ट, अ‍ॅरॅबिडॉप्सिस व स्नॅपड्रॅगन या दोन वनस्पती आणि चक्क माणूस, अशा चौघांतल्या एकेका जनुकाचं आद्याक्षर घेऊन ते बनलं. म्हणजे हे घराणं फुलांहून कितीतरी जुनं. त्यातल्या पाकळ्या घडवणाऱ्या एका जनुकाच्या ऑर्किडच्या पूर्वजांत प्रती झाल्या आणि त्या टिकल्या. मग चुलत भावंडांनी शेती वाटून घ्यावी तसं झालं: एका प्रतीकडे निदलं आणि साध्या पाकळ्या गेल्या, दुसरीकडे ओठ. यातलं एकही जनुक एकट्याने काम करत नाही. त्यांची प्रथिनं सोबत्यांसह चौकडी बांधतात, आणि कोणती चौकडी जमली त्यावर पाकळीचं रूप ठरतं.

तैवानमधल्या संशोधकांनी २०१५ साली हे तपासून दाखवलं. विषाणूचा वापर करून त्यांनी ऑन्सिडियम आणि फॅलेनॉप्सिस या ऑर्किडांमध्ये ओठाच्या चौकडीतली जनुकं गप्प केली, आणि ओठाची साधी पाकळी होऊ लागली. मला या सगळ्या कथेत हाच पुरावा सर्वांत देखणा वाटतो. डार्विनचे दोन पुंकेसर त्यात कुठेच लागले नाहीत. उलटा प्रकार तर बागाईतदारांना आधीपासून ठाऊक होता: बाजूच्या पाकळ्यांनीही ओठाचं रूप घेतलेली फुलं ते हौसेने जोपासतात.

२०१७ साली चीनमधल्या अ‍ॅपोस्टॅशिया या ऑर्किडचा जनुकसंच वाचला गेला. ऑर्किडच्या वंशवृक्षावर सर्वांत आधी फुटलेल्या फांदीवरचं हे रोप. त्याचा ओठ इतर पाकळ्यांपेक्षा फारसा वेगळा नाही, आणि पाकळ्या घडवणाऱ्या त्या जनुकाच्या प्रतीही त्याच्याकडे इतर ऑर्किडपेक्षा कमीच निघाल्या.